भाडी गोठवा म्हणण्याआधी मुंबईने एकदा काय केलं ते बघा

तुम्ही लिहिलंय की मुलुंड पूर्वेला तुमचा वन-बीएचके आहे. दोन वर्षांपूर्वी २४,००० भाडं ठरलं, करार संपायला दोन महिने उरलेत आणि मालक आता ३१,००० मागतोय. गल्लीतल्या चार इमारती एकदम रीडेव्हलपमेंटला गेल्यात. मुलगी तिसरीत आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: सरकारने भाडी सरळ गोठवून का टाकू नयेत, बाकीची शहरं काय करतात, आणि आज तुमच्या हातात काय आहे.

मी १९९४ पासून मुंबईत भाड्याचे दावे चालवते. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरूंच्या बाजूने उभी राहिले, घरमालकांच्या बाजूनेही राहिले. एका इमारतीतला भाडेकरू आणि काही वर्षांनी दुसऱ्या इमारतीची मालकीण, दोघंही माझ्यासमोर रडलेले मी पाहिलेत. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला ऐकीव माहितीवर द्यावं लागत नाही. मुंबईने भाडी गोठवली होती, आणि तीही अर्धं शतक. त्याचं काय झालं ते समजल्याशिवाय आज पुन्हा तीच मागणी करणं धोक्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे. तुमची अडचण खोटी आहे असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. सात हजारांची उडी म्हणजे जवळजवळ २९ टक्के. पगार तसा वाढत नाही.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांना तेजी आली, माणसं मुंबईत लोटली, बांधकामाचं सामान मिळेना आणि भाडी भडकली. १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. १ जानेवारी १९१६ ला जे भाडं होतं ते प्रमाण धरलं गेलं. युद्धापुरता म्हणून आणलेला तो कायदा पुढे संपलाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर पुन्हा तेच झालं, आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात १ सप्टेंबर १९४० या दिवशी असलेलं भाडं हे ‘प्रमाणित भाडं’ ठरलं. नंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेला ती पहिल्यांदा ज्या भाड्याने गेली ते लागू. हाही कायदा तात्पुरताच होता. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत तो १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत आणला गेला.

एक गोष्ट आधी सांगते. तो कायदा नसता तर मराठी गिरणगाव टिकलाच नसता. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळींत खालच्या मध्यमवर्गाची दोन-तीन पिढ्यांची शिक्षणं झाली, ती घरातून कुणी काढणार नाही या खात्रीवर. रात्रीत बिऱ्हाड हलवावं लागणार नाही, ही खात्री पैशात मोजता येत नाही. माझं स्वतःचं बालपण अशाच एका खोलीत गेलं. त्यामुळे ‘भाडेनियंत्रणाने मुंबई बुडवली’ असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण त्या कायद्याने भाडं मोजलं आणि दुरुस्तीचा खर्च मोजलाच नाही. नव्वदीच्या शेवटी गिरगावातल्या एका म्हाताऱ्या मालकिणीचं काम माझ्याकडे आलं. तीन मजली इमारत, तिला दर खोलीमागे महिन्याला चाळीस रुपयांच्या आत भाडं. पावसाळ्यात जिन्याचा कठडा कलला. लाकडी तुळया बदलायचा अंदाज निघाला तो तिच्या कित्येक वर्षांच्या भाड्याइतका. भाडेकरू म्हणाले, दुरुस्ती मालकाने करायची असा कायदा आहे, आणि ते बरोबरच होतं. ती म्हणाली, कशाने करू, आणि तेही बरोबर होतं. दावा आठ वर्षं चालला. तेवढ्यात ती गेली. भाचे आले, त्यांना इमारतीत रस नव्हता, जमिनीत होता.

अशा हजारो इमारतींसाठी सरकारने १९६९ मध्ये उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर, लावला आणि दुरुस्ती मंडळ काढलं. ते पुढे १९७७ मध्ये म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झालं. सुरुवातीला साधारण १९,६०० इमारती उपकरप्राप्त होत्या. आज तेरा हजारांच्या आसपास उरल्यात, आणि दर पावसाळ्याआधी त्यांतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजाराजवळ पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. प्रत्येक इमारत पडण्याची कारणं वेगळी असतात, सगळा दोष गोठलेल्या भाड्यावर टाकणं अन्यायाचं होईल. पण ज्या इमारतीतून देखभालीपुरतेही पैसे निघत नाहीत तिची देखभाल कोण करणार, हा प्रश्न पन्नास वर्षं कुणी सोडवला नाही.

दुसरा परिणाम म्हणजे पागडी. कागदावरचं भाडं कमी, खोलीची खरी किंमत जास्त. मधला फरक हातोहात, पावतीशिवाय फिरायला लागला. नवा भाडेकरू जुन्याला पागडी देणार, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, मग पावती नव्या नावाने फिरणार. म्हणजे नव्याने मुंबईत आलेल्या माणसाला स्वस्त भाड्याचा फायदा मिळतच नव्हता. तो आधीच पागडीत वसूल झालेला असायचा.

तिसरा परिणाम तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचा आहे. कायद्यातून सुटका म्हणून मालक ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करू लागले. कागदावर भाडेकरू नव्हे, फक्त वापराची परवानगी. त्यात खूप लबाडी चालायची, म्हणून १९७३ मध्ये दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचा लायसन्स करार चालू होता ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. त्या दिवशी ज्यांना घर मिळालं त्यांचं कल्याण झालं. पण मालकांनी त्यातून धडा घेतला तो असा, की घर भाड्याने दिलं की गेलं. माझ्या वरिष्ठांकडे येणाऱ्या पक्षकारांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ‘कुलूप लावून ठेवीन, पण द्यायचं नाही.’ दिलंच तर बँकेला, मोठ्या कंपनीला, वकिलातीला. साध्या नोकरदाराला नाही. ती भीती कायदा बदलला तरी गेली नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी सापडली. त्यांतली सगळी भीतीपोटी बंद नव्हती, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेलीही पुष्कळ होती. पण त्याच शहरात तुमच्याकडे एका वन-बीएचकेसाठी सात हजार जास्त मागितले जाताहेत.

शेवटी १९ डिसेंबर १९९७ ला मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणाऱ्या या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती आणि नवा कायदा येऊ घातला होता, म्हणून न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं, भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करता येऊ लागली, पागडीला कायदेशीर जागा मिळाली. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटीहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून बाहेर पडल्या. आणि कलम २४ आलं. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची, न सोडल्यास भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई, आणि निकाल वर्षानुवर्षं चालणाऱ्या दाव्यात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे.

कलम २४ मुळे घरं बाजारात आली, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. त्याआधी ज्या पक्षकारांची घरं कुलपात होती त्यांनी ती भाड्याने दिली. पण त्या दिवसापासून या शहरात दोन वेगळ्या जगांचे भाडेकरू राहतात. एक चाळीतला, ज्याला काढणं जवळपास अशक्य आणि ज्याचं भाडं काही शे रुपये. दुसरे तुम्ही, ज्यांना मुदत संपली की एक दिवसही जास्त राहता येत नाही आणि ज्यांच्या भाड्याला बाजाराशिवाय दुसरा लगाम नाही. एकाच कायद्याची ही दोन पोरं, आणि त्यांच्या मधे काहीही नाही. माझ्या मते आजच्या भाडेवाढीत खरी उणीव ही मधली जागा आहे. जो आधीच घरात आहे त्याला या शहराने जपलं, आणि जो घर शोधतोय त्याला रस्त्यावर सोडलं.

आता तुमच्या गल्लीकडे येते. तिथे नेमकं काय चाललंय ते सांगते, कारण मालक लोभी आहे एवढ्याने सात हजारांचा उलगडा होत नाही. चार इमारती रिकाम्या झाल्या म्हणजे समजा शंभर-सव्वाशे कुटुंबं एकाच महिन्यात घर शोधायला निघाली. त्यांचं भाडं बिल्डर देतो. ती रक्कम आधी ठरलेली असते आणि ती त्यांच्या खिशातून जात नाही, त्यामुळे घासाघीस कमी. त्यांनाही मुलांच्या शाळा सोडायच्या नसतात, म्हाताऱ्यांचे डॉक्टर बदलायचे नसतात, म्हणून सगळे त्याच दोन किलोमीटरमध्ये शोधतात. चेंबूर, विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड, जिथे जिथे सोसायट्या एका झपाट्यात पाडल्या जाताहेत तिथे हेच. पाडलेली घरं बाजारातून जातात आणि त्यांतली माणसं त्याच बाजारात येतात. तीन-चार वर्षांनी टॉवर उभे राहतील तेव्हा घरं वाढतील हे खरं, पण तुमची मुलगी तोवर सातवीत गेलेली असेल. एकाच वॉर्डात एका वर्षी किती सोसायट्यांना रिकामं करायची परवानगी द्यायची याचा विचार महापालिका करते का, असं मला कुणी विचारलं तर तो विचार परवानगीच्या कागदांत मला कधी दिसला नाही एवढंच मी सांगू शकते.

यात आणखी एक गोष्ट भर घालते आणि तिच्याबद्दल मला मनापासून राग आहे. मांसाहारी नको, अविवाहित नको, मुसलमान नको, एकटी बाई नको. सोसायटीच्या कमिटीने अशा चार पाट्या डोक्यात लावल्या की शंभर रिकाम्या घरांतली वीसच एखाद्यासाठी खरी उरतात, आणि त्या विसांचं भाडं तो माणूस जास्त देतो. भाडेवाढीची चर्चा होते तेव्हा हा भाग कुणी बोलत नाही.

बाकीच्या शहरांचं विचारलंत. बर्लिनने अगदी तुमच्या मनातलं केलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या राज्य सरकारने २०१४ च्या आधी बांधलेल्या घरांची भाडी जून २०१९ च्या पातळीवर पाच वर्षांसाठी गोठवली. आत राहणाऱ्यांना दिलासा मिळाला. पण भाड्याने द्यायच्या जुन्या घरांच्या जाहिराती झपाट्याने कमी झाल्या, शोधणाऱ्यांना घर मिळेना. आणि एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला. कित्येकांना वाचवलेलं भाडं परत भरायची वेळ आली. मुंबईने पन्नास वर्षांत जे पाहिलं त्याची झलक बर्लिनने वर्षभरात पाहिली.

व्हिएन्नाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती मुंबईच्या शेजारी ठेवून बघता येते. दोन्ही शहरांनी महायुद्धानंतरच्या त्याच दहा वर्षांत स्वतः घरं बांधायला घेतली. इकडे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, तेच आपलं बीडीडी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला, कर्ज काढलं, आणि ५०,००० खोल्या बांधायचं ठरवलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सोळा हजारांच्या आसपास. १६० चौरस फुटांच्या, काँक्रीटच्या, सुरुवातीला इतक्या कोंदट आणि कामगाराला न परवडणाऱ्या की पहिल्या वर्षांत कित्येक रिकाम्याच पडून होत्या. तिकडे व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणी कर लावला, मोठ्या घरांवर चढत्या दराने, आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं बांधली. अंगण, पाळणाघर, धुलाईघर यांसकट.

पण मला महत्त्वाचा फरक खोल्यांच्या आकारात वाटत नाही. व्हिएन्नाने ती घरं विकली नाहीत. आज नगरपालिकेच्या मालकीची साधारण २,२०,००० भाड्याची घरं आहेत, सहकारी संस्थांची अनुदानित घरं वेगळी. शहरातले निम्मे लोक या दोन प्रकारांत राहतात. खासगी मालकाला भाडं वाट्टेल तसं वाढवता येत नाही, कारण भाडेकरूकडे दुसरं दार उघडं असतं. तिथेही सगळं आलबेल नाही. नगरपालिकेच्या घरासाठी आधी दोन वर्षं शहरात राहिलेलं असावं लागतं, म्हणजे नवखा माणूस तिथेही खासगी बाजारातच जातो.

आपण काय केलं? बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मालकीची मिळणार, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. शंभर वर्षं १६० फुटांत काढलेल्या कुटुंबांना ती मिळाली याचा मला आनंद आहे, त्या आनंदात मी हात आखडता घेणार नाही. पण त्याबरोबर सार्वजनिक मालकीची जवळजवळ सोळा हजार भाड्याची घरं शहराच्या हिशोबातून गेली, आणि त्यांच्या जागी एकही भाड्याचं घर उभं राहिलं नाही. बाजूने विक्रीचे टॉवर उठणार. त्यांतला काही भाग शहराने स्वतःकडे ठेवून भाड्याने द्यावा, असा विचारही झाला नाही.

एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये रेंटल हाउसिंगची योजना आणली तेव्हा मला फार आशा होती. बिल्डरला जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी, बदल्यात त्याने १६० फुटांची घरं बांधून द्यायची आणि एमएमआरडीएने ती स्वस्त भाड्याने द्यायची. घरं बांधली गेली. पण भाड्याने चालवायची यंत्रणा कुणी उभी केली नाही. कुणी वसुली करायची, कुणी गळती बघायची, कुणी मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायचं, यातलं काहीच ठरलं नाही. शेवटी पनवेलजवळ कोनची २,४१७ घरं २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांना दिली गेली, १६० फुटांची दोन-दोन जोडून, मालकीने. कामगारांचा हक्क मोठा होता, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण भाड्याची म्हणून बांधलेली घरंही या राज्यात भाड्याची राहत नाहीत, एवढं त्यातून दिसतं. घर देणं म्हणजे मालकीचं देणं, अशी आपल्या राजकारणाची समजूत आहे, कारण भाडेकरू दर दोन वर्षांनी पत्ता बदलतो आणि त्याचं नाव मतदार यादीत बऱ्याचदा जुन्या पत्त्यावरच राहतं.

मग शहराने काय करावं, असं मला विचाराल तर सरसकट गोठवणूक नको. चालू भाडेकरूला मात्र मुदतीची आणि वाढीच्या मर्यादेची खात्री हवी. पहिलं भाडं बाजाराने ठरवू दे, पण एकदा आत आल्यावर त्याच भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या टक्क्यानेच वाढ. असा करार नोंदवणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सूट द्या, म्हणजे सक्ती करावी लागणार नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे आणि भाडे प्राधिकरणाची सोय आहे. डिपॉझिटची मर्यादा मला चांगली वाटते. जुन्या पागडीवाल्यांना मात्र त्यात ओढू नका, त्यांचा प्रश्न पुनर्विकासाचा आहे.

आणि एक गोष्ट जवळपास फुकटात होण्यासारखी आहे. महाराष्ट्रात प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो, गेली दहा वर्षं तो बहुतेक ऑनलाइनच नोंदतो. म्हणजे कुठल्या गल्लीत, किती चौरस फुटांचं घर, किती भाड्याने गेलं हे नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. नावं काढून टाका आणि वॉर्डनिहाय, आकारानुसार दर तीन महिन्यांनी मधला आकडा जाहीर करा. जर्मन शहरांत असा भाड्याचा दरफलक असतो, त्यावर बोट ठेवून भाडेकरू बोलतो. आज तुमच्या मालकाला ३१,००० हा आकडा कुठून मिळाला? ब्रोकरकडून. त्याला तो वाढवण्यातच कमिशन आहे. तुमच्याकडे त्याच्यासमोर ठेवायला कागद नाही.

आता तुमचं काम. सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका: ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे महाराष्ट्रात खरं नाही. नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून ही समजूत आली. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत काहीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटी काय होत्या याबद्दल वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. दर ११ महिन्यांनी नवा करार करण्यात फायदा फक्त ब्रोकरचा, तो दर वेळी महिन्याची दलाली मागतो. करार ३६ महिन्यांचा करा.

मालकाशी भांडू नका, हिशोब मांडा. त्यांनी नवा भाडेकरू ३१,००० ला आणला आणि मधे एक महिना घर रिकामं राहिलं, तर पहिल्या वर्षी अकरा महिन्यांचे ३,४१,०००. ब्रोकरने त्यांच्याकडूनही एक महिना घेतला तर उरले ३,१०,०००. रंगकाम वेगळं. तुम्ही २७,००० देत असाल तर बारा महिन्यांचे ३,२४,०००, आणि एकही दिवस कुलूप नाही. दुसऱ्या वर्षापासून त्यांचं गणित उलटं फिरतं, म्हणून वाढ आधीच लिहून द्या: दुसऱ्या वर्षी २८,३५०, तिसऱ्या वर्षी २९,७५०. वेळेवर भाडं भरलेल्या दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट सोबत ठेवा. मी पाहिलेले बहुतेक मालक, विशेषतः निवृत्त लोक, अनोळखी माणसाच्या ३१,००० पेक्षा ओळखीच्या २७,००० ला मान देतात. ते २८,००० वर अडले तर द्या. त्यापुढे मात्र तुमच्या पगाराकडे बघून ठरवा.

खर्च फार नाही. १,००,००० डिपॉझिट धरलं तर तीन वर्षांचं एकूण भाडं १०,२१,२००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले ३०,०००, मिळून १०,५१,२००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २,६२८ रुपये, आणि नोंदणी फी १,०००. घरी येऊन बोटांचे ठसे घेणारा एजंट त्याची फी वेगळी घेईल.

करारात लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, दोन्ही बाजूंना लागू करून घ्या. छापील नमुन्यात बहुतेक वेळा फक्त भाडेकरू बांधलेला असतो, मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर मोकळा. निदान २४ महिने त्यांनीही करार मोडू नये आणि नंतर मोडल्यास तीन महिन्यांची नोटीस, असं लिहा. शाळेचं वर्ष मधेच तुटणार नाही यासाठी मुदत एप्रिल-मे मध्ये संपेल अशी तारीख निवडा. इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तर काय, याचंही एक वाक्य हवंच, तुमच्या गल्लीत ते उद्याही होऊ शकतं: किती नोटीस, डिपॉझिट कधी परत, उरलेल्या महिन्याचं भाडं कसं. मालकाला बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यावर तुमचा हक्क नसतो, त्यामुळे तुमची सोय करारातच लिहिलेली असली पाहिजे.

सोसायटी ना-हरकत दाखल्यासाठी अडवत असेल तर त्यांना उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, दाखवायला सांगा. आदर्श उपविधींनुसार सभासदाने भाड्याने देताना आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, परवानगी मागायची नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते भरायचं मालकाने. ते भाड्यात ढकलायचा प्रयत्न होतो, तेव्हा आकडा विचारा.

‘हेवी डिपॉझिट’चा प्रस्ताव आला, म्हणजे दहा-पंधरा लाख एकरकमी द्या आणि भाडं शून्य, तर नाही म्हणा. ते पैसे मालक दुसरीकडे गुंतवतो, आणि परत द्यायच्या वेळी बहुतेकदा त्याच्या हातात नसतात. तुम्ही घर धरून बसलात तर दुप्पट भरपाई तुमच्यावर, आणि पैशांसाठी वेगळा दिवाणी दावा. अशा तीन कुटुंबांची प्रकरणं मी चालवली. एकाचेही पैसे सरळ परत मिळाले नाहीत.

बोलणी फिसकटलीच तर मुदत संपायच्या आत जागा सोडा, पण पाणी-वीज तोडायची धमकी ऐकून घेऊ नका, ती तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे. सोडताना मालकाला बरोबर घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरचं वाचन घ्या, आणि किल्ली देण्याआधी डिपॉझिट खात्यात आलंय का ते बघा. आज रात्री जुना करार काढून एवढं तपासा: मुदत संपण्याची नेमकी तारीख, नूतनीकरणाचं कलम आहे का, आणि नोटिशीचा काळ किती. मालकाला भेटायला जाल तेव्हा या तीन गोष्टी आणि वरचा हिशोब एका कागदावर लिहून न्या, आणि तो कागद त्यांच्याकडे ठेवून या.